साताऱ्याचा तह (१८१९)

साताऱ्याचा तह हा ईस्ट इंडिया कंपनी व छत्रपती प्रतापसिंह यांच्यात २५ सप्टेंबर १८१९ रोजी झालेला राजकीय व संरक्षणविषयक करार होय. या तहाने सातारा संस्थान निर्माण झाले. मात्र त्याचे लष्करी व परराष्ट्रीय अधिकार कंपनीच्या नियंत्रणाखाली गेले.

पार्श्वभूमी
तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, फेब्रुवारी १८१८ मध्ये, इंग्रजांनी साताऱ्याचा किल्ला घेतला. त्याच महिन्यात आष्टीच्या लढाईत बापू गोखले धारातीर्थी पडले आणि दुसऱ्या बाजीरावाच्या ताब्यातील प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. मराठा सरदारांचे समाधान राखण्याच्या हेतूने एल्फिन्स्टन याने छत्रपतींसाठी लहानसे राज्य राखून ठेवले. तेथील कारभार पाहण्यासाठी जेम्स ग्रँट डफ याची नेमणूक झाली.

तरतुदी
राज्याच्या संरक्षणाची हमी कंपनीने घेतली. छत्रपतींनी कंपनीशी दुय्यम सहकार्याने वागावे, तिच्या संमतीवाचून सैन्यात वाढ अथवा घट करू नये आणि परराज्यांशी किंवा अन्य सरदारांशी पत्रव्यवहार ठेवू नये, असे ठरले. राज्य छत्रपतींकडे व त्यांच्या वारसांकडे कायम राहील, असेही तहात नमूद होते. १८२२ मध्ये प्रतापसिंहांना कारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले.

सांगली संस्थान
सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन यांच्याशीही कंपनीने १८१९ मध्येच स्वतंत्र करार केला. पटवर्धनांनी पुढे लष्करी चाकरीऐवजी हुबळीसह काही मुलूख कंपनीस दिला. त्यामुळे एकाच काळात दोन शेजारी संस्थानांचे कंपनीशी संबंध भिन्न अटींवर उभे राहिले.

परिणाम
पत्रव्यवहारावरील बंदी साताऱ्यास घातक ठरली. गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान बांधल्याचा व कंपनीच्या शिपायांना फितविल्याचा आरोप ठेवून १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करण्यात आले. हे आरोप त्यांनी अखेरपर्यंत नाकारले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये अनेक वर्षे दाद मागितली. परंतु ती व्यर्थ गेली. प्रतापसिंहांचे १८४७ मध्ये काशी येथे निधन झाले.

त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी निवर्तले. त्यांनी घेतलेला दत्तकपुत्र लॉर्ड डलहौसीने अमान्य केला. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क याचा विरोध असतानाही संस्थान खालसा झाले. तहातील ‘वारस’ या शब्दात दत्तकाचा समावेश होतो की नाही, हाच या वादाचा गाभा होता.