मत आणि गिरणगांव

निवडणूक जवळ आली कीं गिरगांवच्या वाड्यांतून आणि दादरच्या सुशिक्षित घरांतून एक उद्गार हटकून ऐकूं येतो: "कोणालाही मत द्या, व्हायचें तेंच होतें." या उद्गारांत आळसाचा अंश असेल, पण तो सर्वस्वीं आळसाचाच आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यास पुरे सहा महिनेही लोटले नव्हते, तोंच लोकसभेची निवडणूक आली, आणि दक्षिण मुंबईंत शेंकडा चाळीसच्या आसपास मतदान झालें. ज्या भागावर एवढें संकट कोसळलें, तेथील दहांपैकीं सहा मतदारांनीं घरीं बसावें, याचा अर्थ काय? या निराशेचा खरेखोटेपणा पारखावयाचा, तर उपदेशापेक्षां इतिहासाकडे वळणें बरें. आणि त्यासाठीं परळ-लालबागच्या गिरणगांवाइतकें बोलकें स्थळ शहरांत दुसरें नाहीं.

मताचा हक्क या भागास आयता मिळाला नाहीं. १८७२ च्या कायद्यानें मुंबईच्या म्युनिसिपालिटींत लोकनियुक्त सभासद आले खरे, पण त्यांस निवडणारे होते ते करदाते. पुढें १९२२ सालीं महिना दहा रुपये भाडें भरणारासही मताधिकार मिळाला. गिरणीकामगाराच्या एकखणी खोलीचें भाडें बहुधा याहून कमी असे. म्हणजे ज्याच्या श्रमांवर शहर उभें, तो उंबरठ्याबाहेरच राहिला. प्रौढ मताधिकारानें मुंबईची पहिली म्युनिसिपल निवडणूक झाली ती १९४८ सालीं. पाऊणशें वर्षें ज्या दाराशीं तिष्ठावें लागलें, तें दार उघडल्यावर त्यांतून आंत जाण्याचा आपणांस कंटाळा यावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

पण हक्क मिळाला म्हणून फळही मिळालें काय? १९३७ सालीं, मताधिकार मर्यादित असतांनाच, भायखळा-परळ भागांतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या विधिमंडळावर निवडून आले. त्याच वर्षीं त्यांनीं कोंकणांतील खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. गिरणगांवांत कोंकणचे लोक फार. खोताचा जाच त्यांस गांवापासूनच ठाऊक. १० जानेवारी १९३८ रोजीं शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईंत कौन्सिल हॉलवर चालून गेला. तरी विधेयक पास झालें नाहीं. त्या दिवशीं कोणी मतदारानें "मत देऊन काय साधलें?" असें पुसलें असतें, तर त्यास उत्तर देणें अवघड होतें. पण पुढें १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. कायदा केला तो दुसऱ्या पक्षाच्या सरकारनें. परंतु ती मागणी विधिमंडळाच्या दफ्तरीं दाखल झाली ती १९३७ सालच्या मतांच्या जोरावर.

१९५७ चें उदाहरण याहून स्पष्ट आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत शंभरावर माणसें बळी पडलीं होतीं, आणि १९५६ सालीं मराठी जनतेच्या माथीं द्वैभाषिक मारलें गेलें होतें. मध्य मुंबईनें श्रीपाद अमृत डांगे यांस लोकसभेवर पाठविलें; पण तेवढेंच नव्हे. पुण्यानें ना. ग. गोरे यांस आणि राजापुरानें नाथ पै यांस निवडून दिलें. सत्ता पालटली नाहीं. मुंबई राज्यांत काँग्रेसचेंच सरकार राहिलें. मात्र आपल्या पायांखालची वाळू सरकते आहे, हें राज्यकर्त्यांस उमगलें, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें.

यापुढील प्रकरण कडू आहे. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारें अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. १९८४ च्या अखेरीस देशभर काँग्रेसची लाट उसळली असतां, दक्षिण-मध्य मुंबईनें डॉ. दत्ता सामंत यांस अपक्ष म्हणून लोकसभेंत धाडलें. याहून निःसंदिग्ध कौल तो कोणता? तरीही संप फळास आला नाहीं, आणि गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियमावलीनें गिरण्यांच्या जमिनींचे दोन मोठे वांटे मोकळ्या जागांसाठीं व सार्वजनिक घरांसाठीं राखले होते. २००१ सालीं तो नियम असा फिरविण्यांत आला कीं वांटणी आधींच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा बदल कायम केला. कामगारानें मत दिलें, तें जिंकलेंही. आणि त्याच्या पायांखालच्या जमिनीचा निर्णय झाला तो सरकारी कचेरींत.

निराशेचें खरें मूळ आम्हांस येथें दिसतें. हरलेल्या मतानें माणूस इतका खचत नाहीं, जितका जिंकूनही निष्फळ ठरलेल्या मतानें खचतो. परंतु १९५७ आणि १९८४ हीं दोन सालें शेजारीं ठेवून पाहावीं. पहिल्या वेळीं परळच्या मतास पुण्याची व कोंकणची साथ होती. कामगार आणि मध्यमवर्ग एका मागणीमागें उभे होते. दुसऱ्या वेळीं मुंबईच्या उरलेल्या पांचही जागा काँग्रेसकडे गेल्या. परळ एकटें पडलें. लोकसभेंत एकट्या सभासदाचा आवाज उठतो, पण त्यानें सरकार वांकत नाहीं.

मत मुळींच नसलें म्हणजे काय होतें, याचाही अनुभव या शहरानें घेतला आहे. मार्च २०२२ मध्यें महानगरपालिकेची मुदत संपली, आणि नवी निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्यें. मधलीं जवळजवळ चार वर्षें कारभार प्रशासकाच्या हातीं होता. नळांस पाणी येत होतें, दिवेही लागत होते. पण तुंबलेल्या नाल्याची तक्रार घेऊन ज्याच्या दारीं हक्कानें जावें आणि पुढच्या खेपेस ज्यास जाब विचारावा, असा नगरसेवक कोणत्याच वॉर्डांत नव्हता.

मत ही कांहीं दर्शनी हुंडी नव्हे, कीं दाखवितांच रक्कम हातीं पडावी. १९३७ च्या मताचें फळ बारा वर्षांनीं आलें, १९५७ च्या मताचें तीन वर्षांनीं. १९८४ च्या मताचें आलेंच नाहीं. म्हणून "माझ्या एका मतानें काय होणार?" असें म्हणून दादर-गिरगांवचा सुशिक्षित गृहस्थ घरीं बसतो, तेव्हां तो स्वतःचें मत तर गमावतोच; पण पलीकडच्या चाळींत रांग धरून दिलेल्या मतालाही एकटें पाडतो. मत वांया गेल्याचें दुःख करणारानें, तें एकटें कोणामुळें पडलें, हेंही एकदां स्वतःस विचारावें.