पाउलांची मोजदाद

दुसरें महायुद्ध ऐन भरांत असतां, १९४१ सालच्या उन्हाळ्यांत, लंडनच्या बी. बी. सी. नभोवाणीनें एक अजब उपक्रम सुरू केला. व्हिक्टर सिल्व्हेस्टर नांवाचे एक वाद्यवृंदचालक ध्वनिक्षेपकापुढें उभे राहत आणि शाळेंत पंतोजींनीं शुद्धलेखन घालावें तितक्या सावकाश, एकेक शब्द सुटा करून, नृत्याचीं पाउलें सांगत. डावा पाय पुढें, उजवा बाजूला, डावा उजव्याजवळ, अशा धर्तीचें तें सांगणें असे. घरोघर लोक कागद-पेन्सिल घेऊन तें उतरून घेत. मग सिल्व्हेस्टर यांचा वृंद वाजूं लागे, आणि खिडक्यांवर काळे पडदे ओढलेल्या दिवाणखान्यांतून, खुर्च्या भिंतीकडे सारून, कागदावरचीं पाउलें जमिनीवर उतरत. ‘बी. बी. सी. डान्सिंग क्लब’ हें त्या कार्यक्रमाचें नांव. नृत्य ही डोळ्यांनीं पाहण्याची आणि अंगानें करण्याची कला. ती नुसत्या कानांनीं शिकतां येते असें कोणी म्हणालें तर आपण त्याला हसूं. परंतु हें घडलें खरें. आणि तें घडूं शकलें याचें कारण त्याआधींच्या वीस वर्षांत इंग्लंडमधल्या नृत्यशिक्षकांनीं केलेल्या एका मोठ्या, कांहींशा रुक्ष उद्योगांत आहे. त्या उद्योगाची हकीकत आज आपल्यापुढें ठेवावयाची आहे.

आपल्याकडे नाच शिकण्याच्या दोन वाटा ठाऊक आहेत. मंगळागौरीची फुगडी आणि झिम्मा मुली थोरल्या बहिणींचें पाहून उचलतात. तेथें गुरु नाहीं, फी नाहीं आणि परीक्षाही नाहीं. उलट कथकासारखें नृत्य गुरुपाशीं राहून वर्षानुवर्षें घोटावें लागतें. वीस-पंचवीस अनोळखी प्रौढ माणसांनीं आठवड्यांतून एका संध्याकाळीं फी भरून एका दालनांत जमावें आणि तासाभरांत परक्या माणसाचा हात हातीं घेऊन ठेक्यावर चालूं लागावें, ही तिसरी वाट युरोप-अमेरिकेंत तयार झाली. ती वाटते तितकी जुनी नाहीं.

नृत्य शिकण्याची हौस मात्र फार जुनी. १५८९ सालीं फ्रान्समधील लांग्र गांवच्या एका वृद्ध धर्माधिकाऱ्यानें ‘ऑर्केसोग्राफी’ नांवाचें पुस्तक छापलें. झांन ताबुरो हें त्याचें खरें नांव. त्याच अक्षरांची उलटापालट करून त्यानें थ्वानो आर्बो हें टोपणनांव धारण केलें होतें. पुस्तक गुरुशिष्यसंवादाच्या रूपानें आहे. त्यांतला शिष्य काप्रिओल हा कायदा शिकून आलेला तरुण. विद्या झाली, पण मुलींच्या मेळाव्यांत उभें राहण्याची कला तेवढी राहून गेली, अशी त्याची रड. नृत्याच्या वर्गाचा जिना आजही भीत भीत चढणाऱ्या तरुणांना विचारा. निम्म्या लोकांची तक्रार हीच निघेल. पुढें १६६१ सालीं चौदाव्या लुईनें तेरा नृत्यगुरूंची एक राजमान्य अकादमी स्थापन केली. त्या काळचा नृत्यगुरु अंगरख्याच्या खिशांत मावेल एवढें चिमुकलें व्हायोलिन घेऊन मोठमोठ्या घरांतून फिरे. स्वतःच वाजवी आणि स्वतःच शिकवी. तें शिक्षण श्रीमंतांचें होतें, आणि तेथें सरदाराचा मुलगा सरदाराच्याच मुलीबरोबर नाचणार हें ठरलेलें होतें.

या नाचांत स्त्रीपुरुष बहुधा रांगांनीं किंवा चौकोनांनीं उभे राहत. एखादा चुकला तर शेजारी त्याला सांवरून घेई. वॉल्ट्झनें ही सोय मोडली. जोडीनें एकमेकांस धरून, बाकीच्या जगाकडे पाठ करून, गरगर फिरत राहावयाचें! १८१६ च्या जुलै महिन्यांत इंग्लंडच्या राजप्रतिनिधीच्या मेजवानींत हें नृत्य झालें तेव्हां ‘टाइम्स’ पत्रानें त्यावर संतापून लिहिलें. त्या संतापांत नीतीची चाड किती आणि परकीयांचा तिटकारा किती, हें निवडणें कठीण आहे. माझ्या मतें खरी अडचण वेगळीच होती. रांगेतला नाच पाहून शिकतां येतो. जोडीचा नाच शिकण्यास दुसरें माणूस लागतें, आणि तेंही चुका पोटांत घालणारें. १८४४ च्या सुमारास पॅरिसमध्यें पोल्काची सांथ आली तेव्हां सेलारियससारख्या शिक्षकांचे वर्ग ओसंडून वाहूं लागले. आणि पुरुष शिष्यांना जोडीदार मिळाव्या म्हणून पोल्काच्या वर्गांतून ऑपेरांतल्या नर्तकींना पैसे देऊन बोलाविण्यांत येई. ब्युनोस आयर्समध्यें तर टँगो शिकूं पाहणारे पुरुष प्रथम पुरुषांबरोबरच सराव करीत. आधीं स्त्रीचीं पाउलें शिकावयाचीं, तीं पक्कीं झालीं म्हणजे पुरुषाचीं. ही पद्धत मला मोठी शहाणपणाची वाटते; दुसऱ्याला नेण्यापूर्वीं नेलें जाणें म्हणजे काय तें तरी कळतें.

टँगो १९१२-१३ सालीं पॅरिस आणि लंडन येथें पोहोंचला. जर्मनीच्या कैसरनें आपल्या अधिकाऱ्यांना गणवेशांत तो नाचण्याची मनाई केली. त्यामुळें अर्थातच त्याची कीर्ति वाढली. न्यूयॉर्कमध्यें व्हर्नन आणि आयरीन कासल या दांपत्यानें असे नवे नाच घासूनपुसून सभ्य घरांत नेण्यासारखे केले व ‘कासल हाउस’ नांवाची शाळा काढली. त्यांच्या वाद्यवृंदाचा नायक जेम्स रीझ युरोप हा कृष्णवर्णीय होता, आणि त्यांच्या कितीएक नाचांची चालही कृष्णवर्णीयांच्या वस्तींतून आलेली होती. जें तेथें जन्मलें तें धुऊन-पुसून दुसऱ्यांना विकावयाचें, हा प्रकार या इतिहासांत पुनःपुन्हां आढळतो. व्हर्नन कासल १९१८ सालीं टेक्ससमध्यें वैमानिकांना शिकवीत असतां विमानाच्या अपघातांत वारला.

पहिलें महायुद्ध संपलें आणि लंडनला नाचाचें वेड लागलें. २८ ऑक्टोबर १९१९ रोजीं हॅमरस्मिथ येथें ‘पॅले द डान्स’ हें विशाल नृत्यगृह उघडलें. त्यांत वाजविण्यास अमेरिकेहून ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड’ आणला होता. येथें वंशावळ विचारली जात नसे. प्रवेशाचें तिकीट काढलें कीं पुरे. दुकानांतली विक्रेती, कचेरींतला कारकून, सैन्यांतून सुटून आलेला शिपाई, सारे तेथें येत. एकट्या आलेल्या माणसाला सहा पेन्स देऊन एका नाचापुरती शिकलेली जोडीदार मिळे. त्या मुली कठड्याआड बसलेल्या असत. गर्दी लोटली, पण एकाचा नाच दुसऱ्याशीं जुळेना. कोणी पाय झाडी, कोणी मधेंच गिरकी घेई. अनोळखी जोडीदारानें पुढलें पाऊल कोठें टाकावें हें कळण्यास मार्ग नव्हता.

तेव्हां ‘डान्सिंग टाइम्स’ मासिकाचे संपादक फिलिप रिचर्डसन यांनीं १२ मे १९२० रोजीं ग्राफ्टन गॅलरींत नृत्यशिक्षकांची सभा बोलाविली. पुढें अशा सभा होत राहिल्या. १९०४ सालीं स्थापन झालेल्या ‘इंपीरियल सोसायटी’ या शिक्षकसंस्थेनें १९२४ मध्यें बॉलरूम नृत्याची वेगळी शाखा काढली, आणि १९२२ सालीं जागतिक स्पर्धा जिंकलेले तरुण सिल्व्हेस्टर तिच्या आद्य सभासदांत होते. या मंडळीनें काय केलें? एकेका पाउलाचें त्यांनीं पंचनाम्यासारखें वर्णन केलें. पाय कोणता, कोणत्या दिशेला, टांच आधीं टेकावयाची कीं चवडा, अंग किती वळवावयाचें, उंचावयाचें केव्हां आणि उतरावयाचें केव्हां, सारें लिहून परीक्षेंत बांधलें. संगीताचा वेगही त्यांनीं मोजला. बाजारांतल्या ध्वनिमुद्रिकांचा वेग भरंवशाचा नसे, म्हणून सिल्व्हेस्टर यांनीं १९३५ सालीं स्वतःचा वाद्यवृंदच उभारला. त्याचा ठेका आरंभापासून शेवटपर्यंत तसूभर हलत नसे. ‘स्लो, स्लो, क्विक, क्विक, स्लो’ हे त्यांचे शब्द इंग्लंडमध्यें म्हणीसारखे झाले.

कलावंतांनीं या उद्योगाला नाकें मुरडलीं, आणि तीं अगदींच अकारण मुरडलीं असें मी म्हणणार नाहीं. नृत्याचा हिशेब झाला म्हणजे त्यांतलें कांहीं तरी सांडतेंच. पण दुसरी बाजू पाहा. लीड्सच्या गिरणींतली मुलगी लंडनच्या नृत्यगृहांत गेली आणि कधीं न पाहिलेल्या तरुणानें तिला विचारलें, तरी दोघांचीं पाउलें पहिल्या मात्रेपासून जुळत. एकमेकांचें नांव-गांव ठाऊक नसतां परस्परांवर एवढा भरंवसा टाकणें, हें केवळ त्या रुक्ष मोजदादीमुळें साधलें.

वर्गाची रीतही याच काळांत रुळली, आणि ती आजही फारशी बदललेली नाहीं. पुरुष एका भिंतीशीं, स्त्रिया समोरच्या भिंतीशीं. शिक्षक मधोमध पाठमोरा उभा राहून पाऊल दाखवितो. सारे मोजीत मोजीत तें करितात. प्रथम संगीताशिवाय, मग संगीतावर. त्यानंतर जोड्या जुळतात, आणि पांच मिनिटें झालीं न झालीं तोंच शिक्षक जोडीदार बदलण्याचा हुकूम सोडतो. नवख्याला हा हुकूम जाचतो. परंतु शिकण्याचें सारें मर्म त्यांत आहे. एकाच जोडीदाराबरोबर शिकलेला मनुष्य त्याच्या चुकांसकट शिकतो. पुरुष कमी पडले तर स्त्रियांनीं पुरुषाचीं पाउलें शिकावयाचीं, ही महायुद्धानें लावलेली संवय अद्याप मोडलेली नाहीं.

अमेरिकेनें हेंच काम व्यापाराच्या पद्धतीनें केलें. गॅलिशियांतून आलेल्या गरीब यहुदी कुटुंबांतला आर्थर मरे हा कासल दांपत्याच्या शाळेंत शिक्षक होता. पावलांचे ठसे छापलेले कागद टपालानें पाठवून त्यानें घरबसल्या नृत्य शिकविलें. ते जमिनीवर पसरावयाचे आणि त्यांवरून चालावयाचें. १९२० च्या मार्चमध्यें, अटलांटा येथें विद्यार्थी असतां, त्यानें महाविद्यालयांत वाजणारें संगीत बिनतारी यंत्रानें शहरांतल्या एका क्लबाच्या गच्चीवर पोहोंचवून तेथें नाच घडवून आणिला. १९३८ पासून त्याच्या नांवाच्या शाळा परवान्यावर गांवोगांव निघाल्या.

आतां ‘लॅटिन’ म्हणून शिकविल्या जाणाऱ्या नृत्यांकडे वळूं. सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो दोब्ले आणि जाइव्ह अशीं तीं पांच आहेत. पैकीं पासो दोब्लेला आकार मिळाला तो फ्रान्समध्यें, आणि जाइव्ह आला अमेरिकन सैनिकांबरोबर. तेव्हां ‘लॅटिन’ हें नांव सोयीपुरतेंच समजावें. लंडनमध्यें मोंसिए पिएर या नांवानें प्रसिद्ध असलेला एक फ्रेंच गृहस्थ रुंबा शिकवी. १९४७ सालीं तो क्यूबाला गेला. तेथें त्याला दिसलें कीं, आपण इंग्लंडांत पहिल्या मात्रेवर जें पाऊल टाकतों, तें हे लोक दुसऱ्या मात्रेवर टाकतात. म्हणजे इतकीं वर्षें शिकविलेलें चुकलेंच! बहुतेक शिक्षकांनीं अशी गोष्ट खिशांत घालून ठेविली असती. पिएर परत आला आणि आपली साथीदार डोरिस लॅव्हेल हिच्यासह नवें शिकवूं लागला. त्यावरून शिक्षकांत कित्येक वर्षें भांडण पेटलें. अखेर पिएरचा पक्ष वरचढ ठरला. पण येथेंही घडलें तें आधींप्रमाणेंच. हवानांतला नाच लंडनच्या अभ्यासक्रमांत बसला, त्याला क्रमांक व परीक्षा लागल्या, आणि ज्यांच्यापासून तो घेतला ते लोक पुस्तकाच्या प्रस्तावनेपुरते उरले.

न्यूयॉर्कच्या ‘पॅलेडियम’ नृत्यगृहांत मात्र निराळें दृश्य होतें. मांबोच्या भरभराटीच्या काळांत तेथें बुधवारीं रात्रीं ‘किलर जो’ पिरो हा इटालियन वंशाचा शिक्षक सर्वांना धडे देई. पोर्टोरिकन, कृष्णवर्णीय, यहुदी, इटालियन असे सारे एका रांगेंत उभे राहत. सगळीकडे असें नव्हतें. आपल्या मुंबईंत गोव्याच्या वादकांनीं हॉटेलांत आणि क्लबांत वॉल्ट्झ व फॉक्सट्रॉट वाजविले. गोव्याच्या चर्चशाळांतून त्यांना व्हायोलिन आणि स्वरलिपि लहानपणींच शिकवीत. घरच्या लग्नांत तर मांडो होतच असे, पंखा आणि रुमाल घेऊन समोरासमोरच्या रांगांनीं. आल्दोनाचा आंतोनियो झेवियर वाझ, ज्याला लोक ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखत, त्याचा वृंद पुढें सी. रामचंद्र यांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटांत दिसला, आणि मराठी संगीतकाराच्या चालींना विलायती नृत्याचा ठेका मिळाला. परंतु इंग्रजी अमदानींत ज्या गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी मनुष्यास सभासद होतां येत नसे, तेथें बँडच्या चौथऱ्यावर चढण्यास त्याला आडकाठी नव्हती.

विलायतेंतही हाच न्याय होता. वुल्व्हरहॅम्प्टन येथील ‘स्काला’ नृत्यगृहाच्या चालकांनीं ठरविलें कीं, काळ्या वर्णाच्या लोकांना नाचण्यास आंत घ्यावयाचें नाहीं. वादक म्हणून ते आले तर चालेल. वादकांच्या संघानें आपल्या सभासदांना तेथें वाजविण्यास मनाई केली. चालक संघाविरुद्ध कोर्टांत गेले. १९५८ सालीं अपील कोर्टानें संघाला रोखण्याचें नाकारलें. जे श्रोत्यांत चालत नाहींत त्यांच्या जातभाईंना आपल्यांत घेऊन वाजविणाऱ्या वादकांना या बंदीविषयीं बोलण्याचा हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय. बंदीचा प्रश्न त्या निकालानें सुटला नाहीं. सात वर्षांनीं, १९६५ सालीं, पार्लमेंटनें वंशभेदाविरुद्ध पहिला कायदा केला. त्यांत नाट्यगृह, चित्रपटगृह, क्रीडांगण व पोहण्याचा तलाव यांच्याच रांगेंत ‘नृत्यगृह’ हा शब्द नांवानिशीं घातलेला आहे.