१०.९ मधले वरचे चाळीस

प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजचा, फ्लायव्हीलचा किंवा डिफरन्शियलमधल्या क्राऊनचा बोल्ट बदलायचा, तर जुन्याच्या माथ्यावरचे आकडे वाचून त्याच ताकदीचा नवा घ्यायचा, हे कुठल्याही मेकॅनिकला ठाऊक असतं. आकड्यांची फोडही सोपी आहे. ८.८ मधला पहिला आठ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण सोसण्याची ताकद. टिंबानंतरचा आठ सांगतो की त्यातल्या ८० टक्क्यांपर्यंत ताणलेला बोल्ट सोडल्यावर मूळ लांबीवर परततो, त्यापुढे तो कायमचा लांबतो. या हिशेबाने १०.९ ची ताकद १००० व्हायला हवी. पण आयएसओ ८९८-१ या मानकात, आणि त्याच वळणाच्या आपल्या आयएस १३६७ च्या तिसऱ्या भागात, १०.९ साठी किमान ताकद १०४० मागितली आहे. ८.८ साठी तर दोन आकडे आहेत : १६ मिलिमीटर जाडीपर्यंत ८०० आणि त्यापुढे ८३०. नावात नसलेले हे तीस आणि चाळीस आले कुठून?

आधीचा इतिहास थोडक्यात उरकतो. जुन्या जर्मन बोल्टांवर ८जी, १०के, १२के असे शिक्के असत. त्यातला आकडा किलोग्रॅमचा होता : ८ म्हणजे चौरस मिलिमीटरला ८० किलो. पुढे अक्षर जाऊन टिंब आलं, ८जी चा ८.८ झाला, १०के चा १०.९. किलोच्या जागी न्यूटन आला तेव्हा १०० किलोचे काटेकोर ९८१ न्यूटन होत होते, ते १००० धरले गेले. म्हणजे जर्मन घराण्यातून १००० पर्यंत पोचता येतं, १०४० पर्यंत नाही. तिकडे अमेरिकेत एसएई या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने माथ्यावर रेघा ठेवल्या : ग्रेड ५ ला तीन, ग्रेड ८ ला सहा, ग्रेडमधून दोन वजा केले की रेघा. ग्रेड ५ ची ताकद चौरस इंचाला १,२०,००० पौंड, ग्रेड ८ ची १,५०,०००. हे आकडे न्यूटनमध्ये आणले की ८२७ आणि १०३४ मिळतात. दहाच्या पटीत वर ढकलले की ८३० आणि १०४०!

माझं म्हणणं असं की मेट्रिक बोल्टातले हे वरचे तीस-चाळीस मुळात अमेरिकन पौंड आहेत, आणि ते मोटारीच्या वाटेने आलेले नाहीत, पुलांच्या आणि इमारतींच्या वाटेने आले आहेत. पोलादी सांगाड्यात रिव्हेटची जागा बोल्टने घेतली ती ए३२५ या १९४९ च्या अमेरिकन मानकामुळे, आणि १९६४ मध्ये त्याला ए४९० हा थोरला भाऊ मिळाला. त्यांची ताकद हीच, १,२०,००० आणि १,५०,००० पौंड. या दोन्हींच्या मेट्रिक आवृत्त्या निघाल्या, त्यांत आकडे आहेत नेमके ८३० आणि १०४०. सगळ्यात बोलका पुरावा आयएसओच्या तक्त्याखालच्या एका बारीक टीपेत आहे. ८.८ ची ताकद जिथे ८०० वरून ८३० होते ती सीमा १६ मिलिमीटरची, पण टीप म्हणते की सांगाड्याच्या बोल्टांसाठी ती १२ धरावी. हा सांधा सांगाडेवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच घातलेला दिसतो. शिवाय जाड बोल्टाच्या गाभ्यापर्यंत कडकपणा पोचवणं कठीण, म्हणून जाडी वाढली की मागणी उतरायला हवी. अमेरिकन ग्रेड ५ मध्ये एक इंचाच्या पुढे ती उतरतेच. इथे ती चढते, याचं कारण धातूत शोधून सापडत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. कारखान्यात बोल्टाचा कडकपणा मोजणं सोपं, १०.९ साठी किमान विकर्स कडकपणा ३२० आहे, आणि त्याला सव्वातीनने गुणलं की बरोबर १०४० येतात. मग अमेरिका कशाला हवी? पण ८.८ चा कडकपणाही त्याच १६ मिलिमीटरच्या सांध्यावर २५० वरून २५५ होतो. कडकपणा हे कारण असतं, तर त्यालाच तो सांधा कुठून आला हे सांगावं लागलं असतं. मला तो परिणाम वाटतो : आधी ताकद ठरली, मग तिला साजेसा कडकपणा. लांबण्याची मर्यादाही मागाहूनच काढलेली आहे. १०४० चे ९० टक्के ९३६, तक्त्यात ९४०. ८३० चे ८० टक्के ६६४, तक्त्यात ६६०. अमेरिकन मर्यादा मात्र वेगळ्या आहेत, म्हणजे उसनवारी फक्त तुटण्याच्या आकड्याची झाली. १२.९ चे १२२० माझ्या मांडणीत बसत नाहीत, हे खरं. तिथे सांगाड्याच्या बोल्टांत अमेरिकन जोडीदारच नव्हता, कारण इतके कडक बोल्ट हायड्रोजन शिरून ठिसूळ होतात म्हणून सांगाड्याच्या कामातून ते दूर ठेवले गेले. तिथे कडकपणावरून हिशेब झाला असावा.

दुरुस्तीच्या कामात या नात्याचा थेट उपयोग आहे. सहा रेघांचा बोल्ट हरवला तर १०.९ ताकदीत उणा पडत नाही, तीन रेघांच्या जागी ८.८ जवळजवळ तसाच. उलट १०.९ च्या जागी ८.८ बसवून टॉर्क पाना जुन्याच आकड्यावर लावला, तर बोल्ट कायमचा लांबतो, फ्लँजवरची पकड सुटते आणि घर्षणाने जायचा जोर थेट बोल्टाच्या दांड्यावर आडवा येतो. आणखी कडक म्हणून १२.९ घालणंही बरं नव्हे : तुटण्याआधी ८.८ किमान १२ टक्के लांबतो, १०.९ नऊ टक्के, १२.९ फक्त आठ, आणि त्यावर झिंकचा मुलामा असेल तर हायड्रोजनची भीती आहेच. मुंबईत महिंद्रांनी जोडलेल्या विलीज जीपसारख्या इंचाच्या गाडीवर मात्र ताकद जुळूनही काम भागत नाही. तीन सुती बोल्ट ९.५ मिलिमीटरचा, त्याच्या नेमक्या भोकात १० चा बोल्ट शिरत नाही आणि आटेही जुळत नाहीत. तिथे सहा रेघांचा इंची बोल्टच शोधावा लागतो.