दर्याचा राजा कोणाच्या लेखणीतून आला?

१/ लालबाग-परळच्या हळदीत 'मी डोलकर, दर्याचा राजा' हमखास वाजते. पुष्कळांना ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले कोळीगीत वाटते. वस्तुतः त्याची कवयित्री शान्ता शेळके (१९२२–२००२). परळच्या महर्षी दयानंद महाविद्यालयात त्या मराठी शिकवीत.

२/ चाल हृदयनाथ मंगेशकरांची. स्वर लता मंगेशकर आणि हेमंतकुमारांचे. हेमंतकुमार कोलकात्यात वाढलेले. नावाड्यांच्या भटियाली गाण्यांचा तो मुलूख. पुढे 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) या चित्रपटातील 'गोमू संगतीनं' या गीतासाठीही हृदयनाथांनी हाच आवाज निवडला.

३/ ठेका आणि बोली मात्र कोळीवाड्याची. कोळीगीतांत वारंवार येणारा 'नाखवा' म्हणजे फारसीतला 'नाखुदा', नौकेचा धनी. अरबी समुद्रावरील शतकांची ये-जा या एका शब्दात साठली आहे.

४/ दर्यावरचे गाणे मुळात श्रमाचे. एकाने ओळ टाकायची, वल्ही मारणाऱ्यांनी ती उचलायची. होड्यांना यंत्रे बसली आणि तो प्रसंगच सरला. ठेका ध्वनिमुद्रिकांत उरला.

५/ वेसाव्याच्या 'वेसावकर आणि मंडळी'ने कोळ्यांचे गाणे कोळ्यांच्याच आवाजात कॅसेटवर आणून घरोघरी पोहोचवले.

६/ कोळी लग्नातले धवले मात्र आजही धवलारिणीच्या कंठात आहेत. ध्वनिमुद्रिकेवर कवी-संगीतकारांची नावे छापली जातात. धवला रचणाऱ्या बायकांची नावे कुठेच छापली गेली नाहीत. ती धवलारीण गेली, की तिच्याबरोबर गाणेही जाते.