नाखवा : दर्यावरून आलेले आडनाव

आडनाव कळले की आपल्याकडे माणसाची जात आणि धर्म दोन्ही ठरवून टाकतात. 'नाखवा' मात्र या हिशेबात बसत नाही. हे आडनाव कोळ्यांत आहे आणि कोकणी मुसलमानांतही. आम्हा ठाणे-कल्याणच्या खाडीकाठच्या लोकांना त्याचे नवल नाही.

मूळ शब्द फारसी, 'नाखुदा'. 'नाव' म्हणजे जहाज, 'खुदा' म्हणजे धनी. फारसीतले हे 'नाव' आणि संस्कृतातले 'नौ' एकाच मुळातून आलेले. नाखुदा म्हणजे जहाजाचा मालक किंवा मालकाच्या वतीने माल आणि माणसे सांभाळणारा. दिशा दाखवणारा मुअल्लिम वेगळा.

हा शब्द पश्चिम किनाऱ्यावर किती रुजला होता हे सोमनाथजवळ वेरावळला दिसते. इ. स. 1264 मध्ये होर्मुझच्या नूरुद्दीन फिरोज या नाखुदाने तिथे मशीद बांधली. तिचा लेख संस्कृत आणि अरबी अशा दोन भाषांत आहे. संस्कृत लेखात फिरोजच्या नावाआधी 'नाखू' असा त्याच्या पदाचा संक्षेप येतो. मशिदीसाठी जागा मिळवण्यात स्थानिक हिंदू पुढाऱ्यांचे सहकार्य होते, हेही त्यातच नोंदलेले आहे.

आपला किनारा तर त्याहून जुना. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातल्या, आता पालघरमध्ये गेलेल्या चिंचणीला इ. स. 926 चा ताम्रपट सापडला. त्यानुसार संजाण परिसराचा कारभार राष्ट्रकूट राजाने एका 'ताजिक', म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे सोपवला होता. त्याचे नाव 'मधुमती' असे कोरले आहे. अभ्यासक ते 'मुहम्मद' असे वाचतात. या मुहम्मदाच्या कारकिर्दीत एका हिंदू मठाला दान मिळाल्याची नोंद त्याच ताम्रपटात आहे.

1657 मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांकडे आली आणि पुढे मराठी आरमार उभे राहिले. त्याच्या प्रमुखांत दौलतखान होता. दर्यावर वारा आणि भरती-ओहोटी ओळखणारा माणूस लागतो. तो कोणत्या घरातला, हा प्रश्न तिथे दुय्यम.

'सारंग' हे आडनावही असेच, फारसी 'सरहंग'वरून आलेले. मुकादम, खोत, देसाई ही मुळात कामाची आणि हुद्द्यांची नावे. ती दोन्ही समाजांत राहिली, कारण काम दोघांनीही केले.

आज भाड्याचे घर शोधताना कोकणी आडनावावर मिळालेला होकार पहिले नाव कळताच मागे घेतला जातो. आमच्यापैकी अनेकांनी हे अनुभवले आहे, मीही. तेव्हा काहीजण सुचवतात, 'मुसलमानाने असले आडनाव लावावेच कशाला?' मला ते पटत नाही. हे आडनाव कुणाकडून उसने घेतलेले नाही. शब्द फारसी, उच्चार मराठी आणि कमाई दर्याची. मुलांनी ते लपवू नये, पूर्ण लिहावे. आणि कुणी विचारलेच, 'म्हणजे नेमके कोण?', तर सांगावे : होडीचे धनी.