नकाशा घडवणारी कुटुंबं

फळमाशीच्या जनुकांचा पहिला नकाशा आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१३मध्ये प्रसिद्ध केला. माणसाच्या सगळ्या गुणसूत्रांना कवेत घेणारा तसा नकाशा यायला १९८७ उजाडलं. आनुवंशशास्त्र शिकवताना मी मधल्या ७४ वर्षांपाशी हमखास रेंगाळते, कारण तो नकाशा कुणाच्या बळावर झाला हे तिथेच कळतं.

तत्त्व सोपं आहे. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना जोडीतली गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलतात. शेजारची जनुकं सहसा एकत्रच पुढच्या पिढीत जातात, लांबची वेगळी होतात. शंभरात एकदा ताटातूट झाली, तर अंतर एक सेंटिमॉर्गन. माशांचे हवे तसे संकर करता येतात. माणसांच्या बाबतीत मात्र असलेल्या कुटुंबांच्याच पिढ्या तपासायच्या. ज्युलिया बेल आणि हॉल्डेन यांनी १९३७मध्ये हिमोफिलिया आणि रंगांधळेपणा यांची सहलग्नता दाखवली, ती वंशावळी तपासूनच. पण एरवी ओळखखुणा म्हणून रक्तगटांसारखी मोजकीच लक्षणं हाताशी होती.

ही अडचण १९८०मध्ये बॉटस्टीन, व्हाइट, स्कोल्निक आणि डेव्हिस यांनी सोडवली. विशिष्ट विकराने डीएनए कापला, की काही ठिकाणी तुकड्यांची लांबी माणसागणिक वेगळी भरते. तोच फरक खूण म्हणून वापरावा, असं त्यांनी सुचवलं. आता हवी होती मोठी कुटुंबं.

नॅन्सी वेक्सलर यांच्या आईचा मृत्यू हंटिंग्टनच्या आजाराने झाला होता. व्हेनेझुएलात माराकायबो सरोवराकाठच्या मच्छीमार वस्त्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या होता. तिथे रक्ताचे नमुने मागताना, वेक्सलर यांनी स्वतःच्या हातावरून त्वचेचा नमुना काढल्याचा व्रण लोकांना दाखवला. ही बाईही आपल्यासारख्याच घरातली, हे त्यांना पटलं. त्या नमुन्यांच्या आधारे गुसेला यांच्या गटाला १९८३मध्ये चौथ्या गुणसूत्रावर आजाराची खूण सापडली. प्रत्यक्ष जनुक हाती लागायला आणखी दहा वर्षं गेली.

जाँ दोसे यांनी १९८४मध्ये पॅरिसला केंद्र उभारून मोठ्या कुटुंबांचा डीएनए जगभरच्या प्रयोगशाळांना द्यायला सुरुवात केली. अट एकच होती, निष्कर्ष सामायिक संग्रहात जमा करायचे. अशाच २१ कुटुंबांच्या तीन पिढ्यांवरून हेलन डोनिस-केलर यांच्या गटाने १९८७चा ४०३ खुणांचा नकाशा काढला. फ्रान्समधल्या जेनेथॉनच्या १९९६च्या नकाशात त्या ५,२६४ झाल्या. जीनोम वाचताना तुकडे जागच्या जागी लावायला हे नकाशे कामी आले.

माराकायबोच्या लोकांनी रक्त दिलं तेव्हा त्यांच्या आजारावर उपचार नव्हता. म्हणून या इतिहासावरच्या उत्तरात शास्त्रज्ञांच्या नावांबरोबर त्या कुटुंबांचा उल्लेख असलाच पाहिजे, असा माझा विद्यार्थ्यांकडे आग्रह असतो. त्यांच्यावाचून खुणा होत्या, पण अंतर मोजायला पिढ्या नव्हत्या.