भिंतीच्या आत किती वाजले?

देवगिरीचा किल्ला पाहिलाय ना? तासून काढलेला उभा कडा, खाली खंदक, आणि वर जायला कातळात कोरलेली ती वळणावळणाची 'अंधारी'. इलेक्ट्रॉनला अंधारीही लागत नाही. कडा चढण्याइतकी ऊर्जा नसताना तो कधीकधी चक्क पलीकडे सापडतो! याला टनेलिंग म्हणतात. नावच चुकलंय खरं तर, बोगदा कुठेच नसतो.

१९२८ साली गॅमोव्हने (आणि स्वतंत्रपणे गर्नी-कॉन्डन जोडीने) यातून अल्फा किरणोत्साराचं कोडं सोडवलं. पण मग एक भोचक प्रश्न आला: पलीकडे जायला वेळ किती लागतो? १९३२ मध्ये मॅककॉलचं उत्तर होतं, जवळजवळ शून्य. १९६२ मध्ये हार्टमनचं त्याहून विचित्र: भिंत पुरेशी जाड झाली की वेळ वाढायचाच थांबतो. म्हणजे प्रकाशापेक्षा जास्त वेग? (घाबरू नका, संदेश काही प्रकाशाच्या पुढे जात नाही.)

मला सगळ्यात आवडतो तो आयबीएमच्या ब्युटिकर आणि लँडाउअर यांचा १९८२ चा तोडगा. ते म्हणाले, भिंत स्थिर ठेवूच नका, तिची उंची वरखाली करत राहा. सावकाश हलवली तर इलेक्ट्रॉनला ती स्थिरच वाटते. झपाट्याने हलवली तर तो तिच्याशी ऊर्जेच्या ठरावीक तुकड्यांची देवघेव करतो. वागणं ज्या वारंवारतेला बदलतं, तिच्यावरून आतला वेळ ताडायचा. टाइमआउट कमी-जास्त करून सर्व्हरला किती वेळ लागतो ते आपण ओळखतो ना, तसंच काहीसं.

लेसरमध्ये ही हलती भिंत आयतीच मिळते. ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं विद्युतक्षेत्र सेकंदाला सुमारे ३७५ लाख कोटी आवर्तनं करतं आणि अणूची भिंत वाकवत राहतं. त्याचं गणित केल्डिशने १९६४ मध्येच मांडलं होतं. आपल्याकडे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये दीपक माथुर यांच्या गटाने तीव्र लेसरमध्ये अणू-रेणूंचं काय होतं यावर वर्षानुवर्षं काम केलं.

मग २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात लेसरचं फिरतं क्षेत्रच घड्याळाच्या काट्यासारखं वापरलं. हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन सुटायला १.८ अ‍ॅटोसेकंदांहून जास्त वेळ लागत नाही, असं निघालं. झालं, शून्यवाले खूश! पण पुढच्याच वर्षी टोरांटोत रुबिडियमचे अणू प्रकाशाच्या भिंतीतून जाताना आत ०.६१ मिलिसेकंद रेंगाळले. कण वेगळे, भिंत वेगळी, हे खरंच. पण त्याहून मोठी मेख म्हणजे घड्याळही वेगळं होतं. टोरांटोवाल्यांनी अणूचा स्पिन भिंतीत असताना किती वळला ते पाहिलं, तर ग्रिफिथवाल्यांनी इलेक्ट्रॉन कुठल्या कोनात बाहेर पडला ते. दोघेही त्याला 'वेळ' म्हणतात, आणि भांडण तिथेच आहे.